खत करण्यास परवानगी मिळणेबाबत

मंडळाच्या बैठकीत तोंड उघडायचं ते फक्त जांभई द्यायला, असं माझ्या बायकोचं मत आहे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी तिचं ऐकत नाही आणि इतकी वर्षं होऊनही ती सांगायचं सोडत नाही. यालाच बहुधा सुखी संसार म्हणत असावेत.

त्या दिवशी मी खरं तर जांभईच द्यायला निघालो होतो. पण मध्येच अध्यक्ष बोलले आणि माझ्या जांभईचं भाषण झालं.

आमचं प्रार्थना मंडळ तसं जुनं आहे. आठवड्यातून एकदा आम्ही प्रार्थनागृहात जमतो. आधी प्रार्थना, मग प्रवचन, मग मौन आणि शेवटी चहा. यातलं मौन सर्वांत आखूड आणि चहा सर्वांत लांब असतो. समोरच्या खिडकीखाली एक मेज आहे, त्यावर फुलदाणी, आणि त्या फुलदाणीत फुलमावशींची फुलं. प्रार्थनागृहाच्या मागच्या भिंतीला लागूनच मावशींचं घर आणि बाग. यजमान गेले, मुलं दूरदेशी स्थायिक झाली, बाग तेवढी राहिली. शेवंती, गुलाब, निशिगंध, जे फुलेल ते मावशी पहाटे कापायच्या आणि दर आठवड्याला आणून लावायच्या. प्रवचनात मन लागलं नाही तर माणसाने बघायचं कुठे, हा प्रश्न त्यामुळे आमच्याकडे कधी आलाच नाही.

एका सकाळी मावशी फाटकापाशी उभ्या होत्या आणि कचऱ्याची गाडी आली. गाडीवाल्याने आमचा डबा उपडा केला. आधी चहाचे कागदी पेले पडले, मग उष्टी बिस्किटं, आणि त्यांच्यात लडबडलेली मावशींची शेवंती. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या नेहमीसारख्या आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. फुलदाणी घासूनपुसून मेजावर ठेवलेली होती. तीही मावशींनीच घासली होती. आत मात्र काही नव्हतं.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या मंडळाला भांडणाची सवय आहे, त्यावर आमच्याकडे उपसमित्या आहेत. गप्प राहणाऱ्या माणसाचं काय करायचं ते आमच्या घटनेत लिहिलेलं नाही.

तर बैठकीत विषय हा होता. अध्यक्ष म्हणाले, "प्लॅस्टिकची फुलं आणू. धुता येतात, टिकतात."

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. खऱ्याच्या जागी खोटं बसवण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. शिवाय समोरच्याच्या तोंडात अवजार असताना बोलायची सवय, त्यामुळे उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षाच नसते.

मी उठून उभा राहिलो. "प्लॅस्टिक? देवापुढे? अहो, जे मातीतून आलं ते मातीत जाऊ द्या! फुलांचं खत करा! या घरात जन्माला येणारा सगळा ओला कचरा याच घराच्या मागे जिरवा! आपण सृष्टीच्या निर्मात्याचे आभार मानायला इथे जमतो आणि जाताना त्याच्या सृष्टीवर कागदी पेले फेकून जातो!"

टाळ्या पडल्या. बायकोने कपाळाला हात लावला. आणि पुढच्या क्षणी मी 'पर्यावरण प्रमुख' झालो होतो. आमच्याकडे बोलेल तो करेल असा नियम आहे, म्हणून तर बाकीचे जांभया देतात.

मी तसाच मावशींकडे गेलो. म्हटलं, "मावशी, आता या मंडळात एकही फूल कचऱ्यात जाणार नाही. माझा शब्द."

"शब्द तर तुझा धंदाच आहे," मावशी म्हणाल्या. "खत दाखव. मग फुलं बघू."

धंदा म्हणजे असा, की मी एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात आहे. लोकांचे दावे आम्ही का देऊ शकत नाही हे त्यांना नम्र आणि निर्दोष भाषेत कळवणं हे माझं काम. मी लिहिलेल्या पत्रातला स्वल्पविराम हलवायची छाती आमच्या मोठ्या साहेबांचीही नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही; पुढे जे झालं ते कळायला याची माहिती हवी.

खत करायचं ठरल्यावर कळलं की आपल्या ओळखीतल्या प्रत्येक माणसाला खत येतं. स्वयंपाक येत नाही, गाडी मागे घेता येत नाही, पण खत येतं. मेव्हणा म्हणाला, रोज ढवळायचं. शेजारचे म्हणाले, अजिबात हात लावायचा नाही, रुसतं. कुणी म्हणालं आंबट दही घाला, कुणी म्हणालं लाकडाचा भुसा. एका वयस्कर सभासदांनी सांगितलं की त्याच्याशी प्रेमाने बोलायचं. मी प्रेमाने कुणाशीच फारसं बोलत नाही, असं बायको म्हणाली.

पाण्याचा एक जुना मोठा पिंप मिळाला. त्याला खालून भोकं पाडली, मागच्या मोकळ्या जागेत विटांवर ठेवला, आणि मी दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "परवानगी घेतलीत?"

हे हरकतराव. त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांना माहीत असेल. प्रार्थनागृहाच्या बाजूच्या भिंतीपलीकडे राहतात. आमच्या घंटेच्या आवाजाला हरकत, घंटा बिघडली तेव्हा शांततेला हरकत, झाडाच्या सावलीला हरकत. "सार्वजनिक उपयोगाच्या इमारतीत परवानगीशिवाय एक पान जरी कुजवलंत, तरी मी वरपर्यंत जाईन," ते म्हणाले. वर म्हणजे नगरपालिका की थेट निर्माता, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

परवानगी तर परवानगी. अर्ज लिहिणं म्हणजे माझ्या हातचा मळ. मी बसल्या बैठकीत लिहिला. 'विषय : प्रार्थनागृहाच्या मागील मोकळ्या जागेत खत करण्यास परवानगी मिळणेबाबत.' खाली नेटका मजकूर, त्याखाली सही. बायकोला वाचून दाखवला.

"कंपोस्ट लिहा," ती म्हणाली. ती औषधांच्या दुकानात आहे. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिला सगळ्याच लिखाणाविषयी संशय येतो.

"आपल्या भाषेत दोन अक्षरी, सुटसुटीत, शेकडो वर्षं मुरलेला शब्द असताना कंपोस्ट?"

"मुरलेला आहे म्हणूनच म्हणते. कंपोस्ट म्हटलं की कुणाचाही गोंधळ होत नाही."

मी तिच्याकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

नगरपालिकेत खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याने अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला.

"खत करायचंय?"

"हो."

"जागेत?"

"मागच्या मोकळ्या जागेत."

"जागेत नाही करत साहेब. जागेचं करतात." आणि त्याने माझ्या अर्जावर, माझ्या डोळ्यांदेखत, लाल शाईने 'जागेत' खोडून 'जागेचे' लिहिलं.

माझी कानशिलं तापली. पण मागे रांग होती, आणि सप्तमी विभक्तीवरून रांगेत भांडायला लागलं की लोक वेडा समजतात. मी गिळलं.

"देणार कोणाला?" त्याने विचारलं.

"सभासदांना. ज्याला हवं त्याला थोडं थोडं."

"म्हणजे तुकडे पाडणार?"

"अगदी बारीक. मोठे ठेवले तर वर्ष वर्ष काही होत नाही."

त्याने आदराने वर पाहिलं. "अनुभवी दिसता."

"वाचन आहे," मी नम्रपणे म्हणालो.

"पण सगळं उघड करा हं. रीतसर नोटीस लागेल. नाहीतर अशा कामांत पुढे वास येतो."

"त्याचीही सोय आहे. वरून कोरडी माती लोटली की आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "साहेब, असं खिडकीत बोलू नका."

मला वाटलं, किती तळमळीचा माणूस आहे! त्याने अर्जावर शिक्का मारला. अध्यक्ष म्हणाले, अर्ज दिला म्हणजे अर्धी परवानगी मिळाली, आपण अर्धा पिंप तरी भरू. आणि आम्ही सुरुवात केली.

आता मला थोडं गंभीर व्हायचं आहे. माझ्या मंडळाची माणसं मी वर्षानुवर्षं ओळखतो. खुर्च्या सरळ ओळीत लावायच्या की अर्धगोलात, यावरून ही माणसं दोन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हती. मला वाटलं होतं, चार दिवस हौस, मग पिंप आणि मी. पण तसं झालं नाही. मी 'घरचा ओला कचराही आणा' असं जाहीर केलं आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात पिशवी! शिवणकाम करणाऱ्या ताई सालं इतकी बारीक चिरून आणायच्या की भाजी त्यांनी कधी अशी चिरली नसेल. कागदी पेले बंद झाले, ज्याने त्याने घरून आपला पेला आणायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांचे पेले सारखेच निघाले आणि निम्म्या मंडळाने दुसऱ्याचा चहा प्यायला, तरी कुणी 'परत कागदी आणा' म्हणालं नाही. दिवसाढवळ्या जळणारे दिवे बंद केले. तेव्हा कळलं की आमच्या प्रार्थनागृहाला इतक्या खिडक्या आहेत.

आणि आमचे प्रवचनकार! बोलायला उभे राहिले की घड्याळ त्यांच्याकडे हताशपणे बघत असे. ते आता प्रवचन आटोपशीर करून, बाह्या सरसावून, फावडं घेऊन पिंपाकडे पळायचे. 'संयम' या विषयावर बोलताना ते एकदा मध्येच थांबून म्हणाले, "माफ करा, आज ते उलटवायचा दिवस आहे," आणि निघून गेले. त्यांचं ते सर्वांत चांगलं प्रवचन होतं.

संकटं आली, नाही असं नाही. सुरुवातीला उत्साहाच्या भरात पाणी जास्त झालं आणि असा दर्प सुटला की प्रार्थनेत लोकांचे डोळे खरोखर पाणावले. एकदा मी झाकण घट्ट बसवलं, आणि ऐन मौनात ते झाकण 'भक्क' करून उडालं आणि पत्र्यावर आपटलं. सगळ्यांनी डोळे मिटूनच ठेवले, पण खांदे हलत होते. ज्यांनी प्रेमाने बोला सांगितलं होतं, ते हळूच म्हणाले, "बघा, उत्तर देतंय." त्या माणसांच्या मध्ये बसून मला फार बरं वाटलं. अशा मंडळात आपल्याला घेतलं, हे मी आपलं भाग्य समजलो.

फुलदाणी मात्र रिकामीच होती. पिंप भरत होता आणि फुलदाणी रिकामी. मावशी येत, बसत, जाताना पिंपाकडे एक नजर टाकत आणि काही न बोलता घरी जात.

आतलं खत काळं, मऊ, भुसभुशीत होत आलं. पुढच्या प्रार्थनेला मावशींना दाखवायचं असं मी ठरवलं. त्या सकाळी मी नवा सदरा घालून गेलो, तर फाटकापाशी गर्दी. फाटकावर नगरपालिकेचा कागद डकवलेला, आणि हरकतराव चष्मा लावून तो मोठ्याने वाचत होते.

"'...या मिळकतीच्या मागील जागेचे तुकडे पाडून सभासदांचे नावे खत होणार असून, याबाबत कोणाची हरकत असल्यास...' हरकत असल्यास!" त्यांचा आवाज कापरा झाला होता. आयुष्यभर न विचारता हरकत घेणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन हरकत विचारली होती. खाली अर्जदार म्हणून माझं नाव, पत्त्यासकट.

मला काही कळेना. बायकोने पुढे होऊन कागद वाचला, आणि ती पायरीवर बसूनच हसायला लागली. बराच वेळ तिला बोलता येईना.

"खरेदीखत," ती शेवटी म्हणाली. "बक्षीसखत, गहाणखत. ऐकलंय का कधी? शेकडो वर्षं मुरलेला शब्द आहे!"

माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली. तुकडे पाडणार, वास येतो, वरून माती लोटायची. मी त्या बिचाऱ्यासमोर देवाची जमीन गिळायचा आख्खा कट मांडून आलो होतो, तोही निर्दोष भाषेत.

बाकीच्यांना हसू आलं नाही. त्यांनी कागद वाचला आणि अर्जदाराकडे पाहिलं. शिवणकामाच्या ताईंनी सालांची पिशवी पाठीमागे नेली. "आम्ही मेलं सालं चिरत बसलो, आणि तुम्ही जागाच वाटायला काढली?" मी खुलासा करायला लागलो, पण 'खत म्हणजे ते खत नव्हे, खत' हे वाक्य कितीही जोर देऊन म्हटलं तरी पटत नाही. करून पाहा.

मावशी सर्वांत शेवटी आल्या. कागदासमोर उभ्या राहून त्यांनी तो अक्षर अक्षर वाचला. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "शब्द देतो म्हणाला होतास ना?"

आणि आत न येता घरी गेल्या. इतक्या वर्षांत त्यांची प्रार्थना पहिल्यांदा चुकली. मला नवा सदरा अंगावर टोचायला लागला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्या खिडकीवर गेलो. कारकुनाला सगळं समजावलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे ते कुजवायचं खत?"

"हो."

"आणि वरून माती लोटायची म्हणजे..."

"माती म्हणजे माती हो!"

त्याने घाम पुसला. म्हणाला, नोटीस मागे घ्यायला नवा अर्ज लागेल, विषय 'खत न करण्याबाबत'. मी लिहून दिला. सावध राहायला हवं होतं, पण घाई झाली होती. तोही आता शहाणा झालेला. माझं खत कोणतं ते त्याला पक्कं कळलेलं. त्याने अर्जावर लाल शाईने ठळक लिहिलं, 'स्वच्छता विभाग, दुसरा मजला'.

परिणाम असा झाला की जागेची नोटीस फाटकावर तशीच राहिली, आणि दुसऱ्या मजल्याला लेखी कळलं की आमचं मंडळ यापुढे खत करणार नाही.

हे मला कळलं ते मंडळाच्या खास बैठकीत. विषय एकच होता, मी. पहिल्या रांगेत हरकतराव, पाहुणे म्हणून. हातात जाडजूड हरकत. अध्यक्षांनी विचारलं, "जागा कोणाला द्यायचं ठरवलंत?" आणि सवयीने उत्तराची वाट न पाहता पुढे बोलत राहिले. मावशीही आल्या होत्या, दाराजवळ बसल्या होत्या. मला बाकी कुणाची पर्वा नव्हती. पर्यावरण प्रमुखपद काढून घ्या, मंडळातून काढा, विमा कंपनीला कळवा. पण त्या दाराजवळच्या बाईंना मी एक शब्द दिला होता, आणि तो शब्दच माझ्यावर उलटला होता.

तेवढ्यात स्वच्छता निरीक्षक आले. मागे हातगाडी घेऊन दोन माणसं.

"पिंप कुठाय? आपण खत करणार नसल्याचं लिहून दिलंय. तेव्हा साठवलेला कचरा उचलून न्यायचा आदेश आहे."

मग शिवणकामाच्या ताई उठल्या. मला वाटलं, रस्ता दाखवायला उठल्या.

"आमच्या पिंपाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, यांनीच लिहून दिलंय..."

"यांनी काहीही लिहून देऊ दे! यांना लिहायची खोड आहे. सालं आम्ही चिरलीयत!"

आणि मग मी जे पाहिलं ते मला जन्मभर पुरेल. जे लोक मला काढायला जमले होते, ते सगळे मागच्या दाराने बाहेर पडून पिंपाभोवती उभे राहिले. प्रवचनकार फावडं घेऊन. अध्यक्ष दवाखान्यातला तोंडाचा रुमाल गळ्यात तसाच ठेवून. खुर्च्यांवरून भांडलेले दोन्ही पक्ष खांद्याला खांदा लावून. त्यांच्याशी भांडून तो पिंप नेणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. इतक्या वर्षांच्या प्रवचनांनी जे झालं नाही ते सालांनी केलं होतं. माझा ऊर भरून आला आणि बोलायला शब्द सुचेना. एरवीची सगळी आफत शब्दांनीच आणली होती, त्यामुळे ते बरंच झालं.

बायको मात्र बोलत बसली नाही. तिने बादली भरून खत काढलं, आत नेलं, आणि अध्यक्षांच्या मेजावर, त्या नोटिशीच्या प्रतीवर, उपडं केलं.

"हे यांचं खत," ती म्हणाली. "याच्यावर सही नसते."

सगळे आत येऊन बघत राहिले. काळंभोर, कणीदार, ओलसर. वास होता तो नांगरलेल्या मातीचा. निरीक्षकांनी चिमूटभर घेऊन बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं.

"आम्ही खताची पाहणी करायला जातो तेव्हा रुमाल लावून जातो," ते म्हणाले. "हे वेगळंच आहे. तो अर्ज मागे घ्या आणि एक नीट लिहून द्या. पण कृपा करून खत लिहू नका."

बायकोने माझ्यापुढे कागद ठेवला. सगळं मंडळ बघत होतं. मी पेन काढलं आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात, 'कंपोस्ट' असं लिहिलं. दात काढताना माणसाला काय वाटतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि अध्यक्षांना माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी पाणी दिलं. जागेची नोटीस काढून घ्यायची जबाबदारी निरीक्षकांनीच घेतली. हरकतराव आपली जाडजूड हरकत हातात घेऊन पोरके झाल्यासारखे बसले होते. मग एकदम उभे राहिले.

"हे सभासदांनाच वाटणार? मी भिंतीला भिंत लावून राहतो, माझ्याकडे कुंड्या आहेत. मला न देण्याला माझी हरकत आहे!"

ती हरकत टाळ्यांच्या गजरात मान्य झाली. हरकत मान्य झाल्यावर काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं, ते खाली बसले आणि डोळे पुसू लागले.

मग दाराजवळून मावशी पुढे आल्या. मूठभर खत उचलून त्यांनी ते तळहातावर पसरलं, बोटाने चाळवलं.

"शेवंतीला चालेल," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घालून उभा होतो.

"तो कागद वाचून मला फार राग आला तुझा," त्या मला म्हणाल्या. "घरी जाऊन चरफडत बसले. देवाच्या घरची जमीन दुसऱ्याला जातेय म्हणून. मग मनात आलं, बये, इतका राग येतोय तर तुझ्या बागेचं काय? तू गेलीस की मुलं विकून टाकतील. त्यांचा दोष नाही, ती तिकडे आहेत. घेणारा फरशी घालून गाड्या उभ्या करील. देवाची जमीन जाऊ नये म्हणतेस, तर देवाला जमीन द्यावी हे तुला कधी सुचलं नाही ते!" त्यांनी मूठ मिटली. "मुलांशी बोलले. हो म्हणालीत. बाग मंडळाला द्यायचीय मला. जिवंत आहे तोवर फुलं मी आणीन. नंतर तुम्ही लावा, तुम्ही आणा."

ते मौन आमच्या मंडळाच्या इतिहासातलं सर्वांत लांब होतं. प्रवचनकारांनाही काही सुचलं नाही.

पुढच्या प्रार्थनेला खिडकीखालच्या फुलदाणीत पांढरी शेवंती होती. मी त्या दिवशी प्रवचनातला एक शब्द ऐकला नाही, नुसता तिकडे बघत बसलो.

काही दिवसांनी, नोंदणीआधी लागणाऱ्या नगरपालिकेच्या शिक्क्यासाठी, मी मावशींना घेऊन त्याच खिडकीवर गेलो. अर्ज मीच लिहिला होता. मला बघताच कारकून खुर्चीतून उठला.

"खत करायचंय," मी म्हणालो.

"आलं लक्षात!" तो हात उंचावून म्हणाला. "आता नाही चुकायचो साहेब! स्वच्छता विभाग, दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडे."

"अरे बाळा, ते झालं," मावशी खिडकीत वाकून म्हणाल्या. "हे दुसरं. बक्षीसखत."

तो मटकन खाली बसला. अर्ज ओढून घेतला, लाल पेन काढलं आणि माझ्याकडे संशयाने बघत विचारलं, "नक्की सांगा. जागेचं की जागेत?"

मी तोंड उघडणार होतो. पण त्याआधी मावशीच म्हणाल्या, "दोन्ही. जागेचं खत कर, आणि जागेत खत करत राहायचं अशी त्यात अट घाल."

"ती घातली आहे," मी म्हणालो. "शेवटच्या ओळीत."

त्याने शेवटची ओळ वाचली. मग सगळा अर्ज पहिल्यापासून वाचला. लाल पेनाला टोपण लावलं, आणि माझ्या मजकुरातला एकही शब्द न बदलता शिक्का मारला.